बाईंची वही

माझा थोरला भाऊ दारूनं गेला, अशी साताऱ्याकडच्या आमच्या गावात कित्येक वर्षं समजूत होती. दादा माळकरी. आषाढीची वारी त्यानं कळत्या वयापासून चुकवली नाही, आणि बाजारातले हमालांच्या टोळीतले सोबती संध्याकाळी कुठंकुठं वळायचे तेव्हा हा सरळ घरची वाट धरायचा. पण १९९४ साली त्याचं पोट फुगलं, पायांवर सूज आली, डोळे पिवळे झाले. त्याला ज्या इस्पितळात नेलं, तिथला पहिला प्रश्न होता, “किती वर्षं पिताय?” पीत नाही, हे उत्तर कुणालाच खरं वाटलं नाही. लिव्हर गेलं म्हणजे दारू, हा हिशेब शहरात जेवढा पक्का तेवढाच गावात. चाळिशी गाठायच्या आत दादा जलोदरानं गेला. मागं राहिली वहिनी, दोन मुलं आणि एक कुजबूज : माळ घालून चोरून प्यायचा म्हणे.

त्या कुजबुजीतून आमचं घर ज्यांनी सोडवलं त्या बाईंचं ऋण मला इथं मांडायचं आहे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आयुष्यभर त्यांनी कुणाचं नाव उघड केलं नाही. तेव्हा मी त्यांचं करावं, हे बरं दिसत नाही.

वडील मस्जिद बंदरात पाठीवर गोण्या वाहणारे माथाडी. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला हलला, तशी त्यांच्या मागोमाग आम्हीही खाडी ओलांडली आणि पुढं कोपरखैरण्याच्या वसाहतीत राहायला आलो. वडिलांचा बिल्ला दादाकडे गेला. मी बारावीपर्यंत शिकलो आणि मसाला बाजारातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहू लागलो. १९९८ मध्ये वसाहतीतल्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मी बाटलीभर रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र घेतलं आणि विसरून गेलो.

काही आठवड्यांनी घरी एक अंतर्देशीय पत्र आलं. शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : रक्तदानाबद्दल आभार, सवडीनं एकदा समक्ष येऊन भेटावं, काळजीचं कारण नाही. त्या काळी हे असं पत्र येणंच विशेष होतं. दात्याच्या रक्तात काही सापडलं तर अनेक ठिकाणी ती पिशवी बाजूला काढून नष्ट करत आणि विषय तिथंच संपत असे. ज्याचं रक्त, त्याला कळवायची रीत नव्हती. तो पुढल्या शिबिरात हौसेनं पुन्हा रक्त द्यायचा, पुन्हा ते टाकून दिलं जायचं, आणि त्याच्या पोटात जे चाललंय त्याचा त्याला पत्ता नसायचा. शिबिरातलं रक्त वाशीतल्या ज्या रक्तपेढीत गेलं होतं, तिथं मात्र एका तंत्रज्ञ बाईंनी ही पत्रं स्वतः लिहायचा पायंडा पाडला होता. ड्यूटी संपल्यावर, स्वतःच्या पेनानं.

बाई मूळच्या राजापूरकडच्या. पांढऱ्या कोटाखाली कडक इस्त्रीची सुती साडी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला बसवलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही आजारी नाही. हे आधी नीट ऐका, बाकीचं मग.”

मग त्यांनी सांगितलं. लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात, तिचा विषाणू माझ्या रक्तात होता. हिपॅटायटिस बी. तो बहुधा जन्मापासून माझ्यात असावा. मोठेपणी ही लागण झाली तर शंभरांतले पंचाण्णव जण आपलेआप बरे होतात. बाळपणीच, त्यातही जन्माच्या वेळी झाली, तर शंभरांतल्या नव्वदांच्या अंगात ती कायमची मुक्काम करते. काही दुखत नाही, खुपत नाही. पंचवीस-तीस वर्षं माणूस ओझी वाहतो, लग्न करतो, वारी करतो. त्यातल्या काहींचं यकृत मात्र आतून निबर होत जातं, काहींना कर्करोगही होतो.

“आई आहे? भावंडं किती?” त्यांनी विचारलं.

“धाकटी बहीण आहे. थोरला भाऊ गेला.”

“कशानं?”

“पोटात पाणी झालं.”

पेन्सिल थांबली. “पीत होते का?”

“नाही.”

बाई एवढंच म्हणाल्या, “बरं.” आणि समोरच्या कागदावर त्यांनी लिहिलं : पीत नव्हते. दादाबद्दल हे दोन शब्द कुणी विश्वासानं कागदावर मांडण्याची ती पहिलीच वेळ.

त्यांनी सगळ्या घराला बोलावून घेतलं. आईच्या रक्तात विषाणू निघाला, बहिणीच्याही. माझी बायको आणि वहिनी सुटल्या होत्या, दादाची दोन्ही मुलंही. आईला निकाल सांगायचा कसा, याची मला धास्ती होती. बाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं. आईनं पदर तोंडाशी नेला आणि विचारलं, “म्हंजी माज्या दुधातनं गेलं का पोरांच्या अंगात?”

“दुधातनं नाही हो, आजी,” बाई म्हणाल्या. “बाळंत होताना रक्ताशी रक्त येतं, त्यात जातं. आणि तुमच्यात कुठनं आलं, ते तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुमच्या आईकडनं आलं असेल, नाहीतर लहानपणी गावात एकाच सुईनं साऱ्यांना टोचलं त्यातनं. यात तुमचा दोष एवढासुद्धा नाही.” आईच्या हातावरच्या गोंदणाकडं त्यांची नजर गेली होती, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या बाईच्या मनाला आणखी एक शंका कशाला लावायची, असं नंतर म्हणाल्या.

मग वहिनी पुढं झाली. तिनं सरळ विचारलं, “म्हणजे हे पीत नव्हते, असं म्हणता येईल का?”

बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. म्हणाल्या, “त्यांचं रक्त कुणी तपासलंच नाही, तेव्हा सिद्ध झालं असं मला म्हणता येणार नाही. पण आई आणि दोन्ही भावंडांत विषाणू आहे. दारूचा थेंबही न घेता असं मरण या आजारात येतं. मी डॉक्टरांनाही विचारलंय.”

“मला तेवढं पुरे,” वहिनी म्हणाली. पुढल्या वर्षश्राद्धाला गावात ती ओसरीवर बसलेल्या चुलत्यांसमोर उभी राहिली आणि हे सगळं मोठ्यानं बोलली. आमच्याकडं थोरांसमोर सुनेनं असं बोलायची रीत नाही. त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही. खोटं सांत्वन केलं असतं तर कुणीतरी एका प्रश्नात ते पाडलं असतं. बाईंनी जेवढं खरं तेवढंच दिलं होतं, म्हणून ते टिकलं.

बाईंचं याहून मोठं ऋण माझ्या बहिणीचं. तिला तेव्हा सातवा महिना होता. तिच्या रक्तात विषाणू जोरात वाढत असल्याचं पुढल्या तपासणीत दिसलं. अशा आयांच्या दर दहा बाळांपैकी सात ते नऊ बाळांना, काहीच केलं नाही तर, लागण होते. उपाय मात्र अगदी साधा होता : जन्मल्यापासून बारा तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मग लसीचे पुढचे डोस वेळेवर. एवढ्यानं शंभरांतली नव्वदांहून अधिक बाळं वाचतात. पण सरकारी लसीकरणात तेव्हा ही लस नव्हती. नवी मुंबईत इम्युनोग्लोब्युलिन ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नव्हता आणि त्याची किंमत ऐकून मी गप्प झालो होतो.

बाईंनी फोन फिरवून प्रिन्सेस स्ट्रीटवरचा एक औषधवाला गाठला आणि माझ्या हातात थर्मास दिला. वर तंबी : “बर्फाला कुपी चिकटू द्यायची नाही. मधे कापडाची घडी ठेवायची. ही लस उन्हानं खराब होते तेवढीच गोठल्यानंही वाया जाते, आणि गोठून वितळलेली ओळखू येईलच असं नाही.” मी लोकलनं वाशीची खाडी ओलांडून आलो तो थर्मास मांडीवर धरून. घरी फ्रिज नव्हता, म्हणून औषध बाईंच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिलं. पैसे कमी पडले ते त्यांनी घातले. मी नंतर परत करायला गेलो तर म्हणाल्या, “पुढल्या कुणाला लागतील, तेव्हा द्या.”

बहिणीला कळा आल्या त्या रात्री. प्रसूतिगृहातल्या सिस्टरांनी असलं इंजेक्शन तोवर कधी दिलं नव्हतं. बाई रिक्षा करून आल्या, सिस्टरांना कागदावर सगळं लिहून दिलं, आणि बाळाला पुसून गुंडाळल्यावर लगेच दोन्ही मांड्यांत दोन सुया गेल्या. मुलगी झाली होती. पुढच्या वर्षी तिचं रक्त तपासलं : विषाणू नाही, आणि प्रतिपिंडं भरपूर.

सासरी मात्र बहिणीचं ताट-वाटी वेगळं झालं होतं. घणसोलीच्या त्या चाळीतही बाई गेल्या. सासूबाईंनी पुढं केलेला चहा घेतला आणि बहिणीच्या ताटातली पोळी तोडून खाल्ली. म्हणाल्या, “जेवणातनं, पाण्यातनं, कुशीत घेतल्यानं हा आजार जात नाही. रक्तातनं जातो, सुईतनं, वस्तऱ्यातनं, नवरा-बायकोच्या संबंधातनं. तिचा ब्रश, ब्लेड, नेलकटर वेगळं ठेवा, ताट नको. आणि तुमच्या मुलाला तीन टोचण्या द्या.” त्यानंतर जावयानं लस घेतली. ताट पुन्हा रॅकवर सगळ्यांच्या ताटांत गेलं.

बाईंची एक वही होती. दोनशे पानी, हातानं रेघा मारलेली. तीत नाव नसे. वय, मूळ तालुका, आई तपासली का, भावंडं तपासली का, जोडीदार, लस, एवढेच रकाने. कुणी सांगितलं नव्हतं, त्यातून कुठं निबंध लिहायचा नव्हता. मी मसाल्याचा हिशेब लिहिणारा, म्हणून त्या कधी मला बेरजा तपासायला बसवत. तिथं मला कळलं की एखाद्या प्रदेशात आजार किती, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. देशात शंभरांतल्या तीन-चार जणांत, म्हणजे जवळजवळ चार कोटी माणसांत हा विषाणू आहे, असा अंदाज त्या काळी मांडला जाई. बाई म्हणत, “रक्तपेढीत येतात ते धडधाकट, बहुतेक पुरुष. प्रसूतीला येतात त्या तरुण बायका. शाळकरी पोरं कोण मोजतं? म्हातारी कोण मोजतं? आणि तुमच्या दादांसारखे कुठल्याच रकान्यात नाहीत. मरणाच्या दाखल्यावर लिव्हर फेल्युअर एवढंच येतं.”

आणखी एक गोष्ट त्यांच्या वहीत स्पष्ट दिसायची. पावसाळ्यात वस्त्यांमधून येणारी कावीळ वेगळी. ती ए किंवा ई. गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं की येणारी. कोल्हापुरात १९८१ मध्ये आली होती, इचलकरंजीत २०१२ मध्ये हजारोंना झाली. तिचा आकडा त्या-त्या शहराच्या पाइपांचा असतो; पाइप दुरुस्त झाला की तो उतरतो. तिच्यातल्या ई प्रकारात गरोदर बाई दगावण्याचा धोका मोठा, पण बाकीचे बहुतेक बरे होतात. म्हणूनच गळ्यात माळ घालणाऱ्या, नाकात थेंब सोडणाऱ्या वैदूंचं नाव होतं. बरा होणारा आजार त्यांनी बरा केला असं दिसतं. बी काविळीचा आकडा मात्र राहत्या शहराचा नसतो. नवी मुंबईत मोजलेला माणूस तीस वर्षांपूर्वी पाटणला, जुन्नरला, जौनपूरला नाहीतर केरळात कुठं तरी जन्मला, आणि विषाणू तिथूनच त्याच्यासोबत आला. आमच्या या शहराची टक्केवारी म्हणजे साऱ्या देशातल्या बाळंतपणांची आणि सुयांची बेरीज. म्हणून बाई ‘मूळ तालुका’ हा रकाना कधीच रिकामा सोडत नसत.

त्यांच्यामुळं मला वाचायची गोडी लागली आणि माझ्या ऋणकोंची नव्हे, धनकोंची यादी लांबत गेली. बरूच ब्लुमबर्ग हा अमेरिकी संशोधक काविळीच्या मागे नव्हताच. माणसामाणसांच्या रक्तात काय फरक असतात, ते तो शोधत होता. न्यूयॉर्कमधल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्तद्रव ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी जुळून तपासणीत रेघ उमटली, आणि त्यातून १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ जगापुढं आला. तोच या विषाणूचा कवच-अंश निघाला. माझ्या रक्तात बाईंना सापडला तोही तोच. ब्लुमबर्गला १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्या दोघा माणसांना काय मिळालं? त्याहून जड ऋण न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेतल्या मतिमंद मुलांचं आहे. १९५० च्या दशकापासून तिथं मुलांना जाणूनबुजून काविळीची लागण करून तिचे दोन प्रकार वेगळे ओळखले गेले. त्या ज्ञानाचा फायदा माझ्या भाचीलाही झाला, हे मला नाकारता येत नाही. आणि ते ज्ञान ज्या रीतीनं मिळवलं, ते माफही करता येत नाही.

पहिली लस १९८१ मध्ये आली, ती तर माझ्यासारख्या वाहकांच्याच रक्तद्रवातून गाळून काढलेली. पुढं यीस्टमध्ये ती तयार होऊ लागली. भारतात मात्र परदेशी लसीचा एक डोस शेकड्यांत पडायचा. माथाडीच्या घरात ती कुणाला परवडणार? हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी, शिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, त्यांच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये देशी लस पन्नास रुपयांत आणली. भाचीच्या डाव्या मांडीत गेली ती हीच. ती एक वर्ष उशिरा आली असती, तर माझ्या बहिणीला कदाचित इम्युनोग्लोब्युलिन आणि लस यांतलं एकच निवडावं लागलं असतं.

२००२-०३ मध्ये ही लस सरकारी कार्यक्रमात काही ठिकाणी प्रायोगिक तत्त्वावर आली, नंतर महाराष्ट्रासह दहा राज्यांत, आणि २०११ पासून देशभर. आता बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत पहिला डोस द्यायचा, हा नियम आहे. त्या रात्री ज्यासाठी बाई रिक्षानं धावत आल्या, ते काम आता सिस्टरांच्या रोजच्या यादीत आहे. २८ जुलै २०१८ ला, ब्लुमबर्गच्या वाढदिवशी पाळल्या जाणाऱ्या जागतिक हिपॅटायटिस दिनी, राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तपासणी आणि औषधं त्यात मोफत आहेत. माझ्या रक्तातला विषाणू बरीच वर्षं निजून होता. पुढं त्याची संख्या चढली, तेव्हापासून मी रोज टेनोफोविरची एक गोळी घेतो आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून येतो. यकृत ठीक आहे. दादाच्या वाट्याला हे आलं नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि राजापूरला गेल्या. जाताना वही त्यांनी फाडून जाळली. मला वाईट वाटलं. म्हणाल्या, “नावं नसली तरी तालुका आणि वय आहे. ओळखणारा ओळखेल.” काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. भाची आता नोकरी करते, आणि वाढदिवसाला रक्तदान करते. मला ते या जन्मी करता येणार नाही.

देशातल्या आकड्यांबद्दल बाईंना जी शंका होती ती अजून मिटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या रक्तनमुन्यांवरून झालेल्या मोजणीत हे प्रमाण शंभरांत एकाहून किंचित कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानं २०२२ साठी भारतात २ कोटी ९८ लाख माणसं मानली. कुणाचं रक्त तपासलं आणि हिशेब कसा मांडला, यावर कोटीच्या कोटी हलतात. पण त्याच अहवालातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : हिपॅटायटिस बी अंगात असलेल्या जगातल्या शंभर माणसांपैकी फक्त तेरांना ते माहीत होतं. बाकीच्यांना कुणी पत्र लिहिलेलं नाही.

हे पत्र मी लिहितो आहे असं समजा. आयुष्यात एकदा हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या करून घ्या. घरात कुणी जलोदरानं किंवा यकृताच्या कर्करोगानं गेलं असेल, तर तपासणी लांबवू नका. निकाल नकारात्मक आला तर बीची लस घ्या. सकारात्मक आला तर लपवू नका : आई, भावंडं, जोडीदार, मुलं, सगळ्यांना सांगा आणि त्यांनाही तपासायला न्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिला सगळ्यांच्या आधी.